एक डोकं जास्त

उस्तादांची नोकरी मी घालवली. हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, आईपुढं तर नाहीच. लोक म्हणायचे, ती नोकरी त्या माणसाला तशीही मिळाली नसती. मीही बरीच वर्षं तसंच म्हणून बघितलं.

उस्ताद म्हणजे आम्हाला पोहायला शिकवणारा माणूस. आमचं गाव तीर्थपुरीपासून दोन कोसांवर. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. गावाबाहेर पायऱ्यांची मोठी विहीर होती, तिचं पाणी शेताला जायचं. दुष्काळात तिचा तळ उघडा पडला होता. दोन पावसाळे बरे झाले, विहीर भरली आणि उस्तादांचा उन्हाळ्याचा वर्ग पुन्हा सुरू झाला. इतर दिवसांत ते मजुरीला जायचे.

ते बौद्ध वस्तीतले. त्यांच्या वडलांना त्या विहिरीच्या पहिल्या पायरीवरही उभं राहू दिलं नसतं. उस्ताद पोहायला शिकले ते गंगेत, म्हशीची शेपूट धरून. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पुढं विहिरीच्या मालकाचा मुलगा पाय घसरून पडला, तेव्हा बांधावर गवत कापत असलेल्या उस्तादांनी कपड्यांसकट उडी टाकली. मुलगा वाचला, आणि विटाळाचं बोलायची सोय राहिली नाही. त्यानंतर गावानं आपली पोरं त्यांच्याकडं सोपवली. पोहायला उस्ताद चालायचे, पंगतीला नाही. माझं घर त्या पंगतीतलं.

त्यांची शिकवण्याची रीत वेगळी होती. सगळीकडं पाठीला रिकामा डबा बांधतात आणि पोर तयार झालं की सोडतात. उस्ताद डबा सोडत नसत. त्याला एक बारीक भोक होतं, मेणानं बुजवलेलं. रोज सकाळी ते गुपचूप तांब्याभर पाणी डब्यात घालायचे. पोराला वाटायचं, डबा आपल्याला तारतोय. एक दिवस पाण्याबाहेर बोलावून ते त्याच्यादेखत डबा उपडा करायचे. भडाभडा पाणी पडायचं. "तीन दिवस झाले, एकटाच पोहून राह्यला तू. डबा तर बुडायला बसलाय." माझा डबा उपडा झाला तो दिवस मला लख्ख आठवतो. मी रडलो होतो.

मोठा झालो, कॉलेजात गेलो, तरी उन्हाळ्यात मी विहिरीवर असायचो. उस्ताद पोरांना शिकवायचे, मी पलीकडच्या कडेला थांबायचो. पोरं घरी गेली की पायरीवर बसून आमच्या गप्पा व्हायच्या. एकदा विचारलं, "उस्ताद, यावर पोट भरतं का?"

"भरतं की. पाणी पिऊन."

त्यांना मुलगी होती, लहान. तिच्यासाठी पक्की नोकरी हवी असं ते म्हणायचे. असं कधीतरीच, आणि दुसरीकडं बघत.

एका सकाळी धोतर पिळता पिळता ते म्हणाले, "तुला एक सांगू? हसशील."

"न्हाई हसणार."

"मी मोजून राह्यलो."

"काय?"

"डोकी."

आदल्या उन्हाळ्यात एका पोराच्या डब्याची दोरी सुटली होती. ते खाली गेलं. उस्तादांनी वर काढलं, पालथं घालून पाणी काढलं. संध्याकाळी ते पोर भाकरी खाऊन गल्लीत खेळत होतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

"ते पोरगं घरी गेलं, जेवलं, झोपलं. माझ्या मनातून वर आलंच न्हाई. जेवायला बसलो की घरातली डोकी मोजतो. लग्नात मांडवातली मोजतो. एक कमीच भरतं, बघ. मंग छातीत असं धडधडतं, ताटावरून उठावं लागतं."

"डॉक्टरला दाखवा."

"काय दाखवू? जीभ?" ते हसले, मीही हसलो. मग म्हणाले, "कोणाजवळ बोलू नको. लोकं पोरं पाठवायचे न्हाईत."

"मंग थोडे दिवस शिकवणं बंद करा."

"येडा का काय! मोजतो म्हणून तर कोणी बुडत न्हाई."

ते खरं होतं. त्या उन्हाळ्यात पाण्यात बारा पोरं असली तरी त्यांची नजर एका ठिकाणी दोन क्षण थांबत नसे. त्यांच्याइतका जागा शिक्षक मी पुढं कुठंच पाहिला नाही. मी औरंगाबादला पोहण्याच्या शिक्षकांच्या महिनाभराच्या प्रशिक्षण शिबिराला गेलो, तिथले कोच मोठे खेळाडू होते. त्यांना एकदा भीत भीत विचारलं, "सर, शिकवताना आपल्यालाच भीती वाटली तर?" ते म्हणाले, "कोचला भीती वाटत नसते. वाटली तर शिट्टी जोरात फुंकायची." मी ते वहीत लिहून घेतलं.

मी परतलो तेव्हा जालन्यात एका संस्थेनं पोहण्याचा तलाव बांधला होता, निळ्या फरशीचा. शिक्षकाची एकच जागा होती. उस्तादांनी अर्ज करायचं ठरवलं. त्यांना लिहिता यायचं, पण म्हणाले, "तुझं अक्षर बराबर आहे, तूच लिही, सर्टिफिकेटवाल्या." अनुभवाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लिही, एवढ्या वर्षांत एकबी पोरगं गेलं न्हाई." मी लिहिलं, 'आजतागायत एकही दुर्घटना नाही.' त्यांचा अर्ज पूर्ण झाल्यावर त्याच पेनानं मी माझाही लिहिला. त्यांना सांगून लिहिला. ते म्हणाले, "लिही की. दोघांतलं कोणीबी लागलं तरी घरातच आहे."

मुलाखतीला आम्ही एकाच एसटीनं गेलो. आधी त्यांना बोलावलं. बाहेर आले ते फुलून. "मला म्हणले, बटरफ्लाय येतं का. म्हणलं, करून दाखवतो, नाव तुम्ही ठेवा. हसले सगळे. बरं वाटलं रे."

मग मी आत गेलो. टेबलापलीकडं तिघं होते. मधले संस्थेचे अध्यक्ष, मऊ बोलणारे. माझ्या प्रमाणपत्रावर त्यांनी एकदा नजर फिरवली आणि बाजूला ठेवलं. चहा मागवला.

"तुम्ही त्यांचे शिष्य म्हणे. शिकवतात कसे?"

"फार चांगलं."

"फार चांगलं," ते म्हणाले आणि कप फिरवत राहिले. "अडचण अशी आहे की आमच्याकडं पालक सगळ्या प्रकारचे येणार. पण आम्ही नको म्हटलं तर लोक वेगळाच अर्थ काढतील. आजकाल लगेच बोभाटा होतो."

मी त्या खोलीत तेवढ्यावरच थांबलो असतो तर बरं झालं असतं. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण कळलं होतं. त्यांना एक कारण हवं होतं, ज्यात जातीचा वास येणार नाही.

मी म्हणालो, "माणूस देवासारखा आहे. पण अलीकडं जरा डोक्याचं..."

"डोक्याचं म्हणजे?"

मी मोजण्याचं सांगितलं. ताटावरून उठण्याचं सांगितलं. 'एक कमी भरतं' हे त्यांचे शब्दसुद्धा सांगितले. अध्यक्षांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "अरेरे. मग पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे. तिथं भावनेला जागा नाही." तिघांनीही माना हलवल्या. अत्यंत सहानुभूतीनं.

बाहेर उस्तादांनी माझ्यासाठी भजी घेऊन ठेवली होती, कागदात गुंडाळून. ती मी खाल्ली.

नोकरी मला लागली. तिघांपैकी कुणीतरी कुठंतरी बोललं असणार, पंधरा दिवसांत गावात कळलं की उस्तादांचं डोकं फिरलंय. उन्हाळा आला, विहिरीवर एकही पोर आलं नाही. मालकानं पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या.

पावसाळ्याआधी एक दिवस उस्ताद जालन्याला तलावावर आले. दुपारची वेळ, तलाव रिकामा. बराच वेळ कठड्याला धरून पाण्यात बघत राहिले. "तळ दिसतो रे," म्हणाले. "इथं काय भ्यायचं!" मी चहाचं विचारलं, नको म्हणाले. मग हळूच, माझ्याकडं न बघता, "मी तर फक्त तुलाच सांगितल्तं."

मी समोरच्या निळ्या फरशीचे तुकडे मोजत उभा राहिलो.

जाताना ते एवढंच म्हणाले, "पोरं मोजत जा."

पुन्हा ते आले नाहीत. काही वर्षांनी घरीच, आजारपणात गेले. मी मातीला गेलो नाही. त्या दिवशी तलावाला सुट्टी नव्हती, असं कारण मी घरी सांगितलं.

मोजणं मला केव्हा लागलं, ते नक्की सांगता येणार नाही. वर्गात चोवीस मुलं असतात. मी मोजतो, पंचवीस भरतात. पुन्हा मोजतो, पंचवीस. उस्तादांना एक डोकं कमी भरायचं, मला एक जास्त भरतं. ते ओलं डोकं कोणत्या रांगेत आहे हे मी बघत नाही, कारण ते कुणाचं आहे हे मला माहीत आहे. शिट्टी जोरात फुंकून पाहिली. डॉक्टरकडं गेलो नाही. आपल्या मनातलं सांगणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं, ते मी स्वतःच करून बघितलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात उस्तादांची मुलगी तलावावर आली. मंठ्याला शाळेत शिकवते. सोबत तिची दहा वर्षांची लेक, हातात नवा पोहण्याचा ड्रेस, पिशवीतून अजून न काढलेला.

"सर, हिला शिकायचंय. घरात नको म्हणतात सगळे. म्हणतात, आजोबाला पाण्यानं येड लागलं, नातीला कशाला? मी म्हटलं, सरांना विचारते, ते अप्पांच्या जवळचे होते." मग म्हणाली, "खरंच लागलं होतं का हो, सर?"

पाण्यात चोवीस मुलं होती. मी मोजायला लागलो.

"इतकी वर्षं झाली," मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

ती "बरं" म्हणाली. लेकीचा हात धरून गेटाबाहेर गेली. लेक मागं वळून वळून पाणी बघत होती. ती पुन्हा आली नाही.

मंठ्याची बस सकाळी सुटते, मला वेळ पाठ आहे. त्या मायलेकींचं मी देणं लागतो. त्यांच्या घरी जाऊन, घरातल्या सगळ्यांसमोर सांगायचं की तुमचे अप्पा वेडे नव्हते. ते भ्यायले होते, ते त्यांनी विश्वासानं एकट्या मला सांगितलं, आणि मी ते नोकरीसाठी वापरलं. आणि त्या मुलीला पोहायला शिकवायचं. दोन्ही अजून केलेलं नाही.