फियाटची पुढची काच

हिंगणा रोडवरच्या शोभाताईंच्या अंगणात रविवारी सकाळी अशी बोंबाबोंब झाली की शेजाऱ्यांना वाटलं, चोरच सापडला. चोर कुठला! फियाटच्या पुढच्या काचेचं रबर चार बोटं आखूड निघालं होतं, आणि ते कापणारे देवाजी, म्हणजे शोभाताईंचे यजमान, घरात कूलरच्या आड तोंड लपवून बसले होते.

ही फियाट देवाजींनी धरमपेठेतल्या मालकांकडे हयातभर चालवली. मालक मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तेव्हा किल्ली देवाजींच्या हातावर ठेवून गेले. शोभाताई हिंगण्याच्या रबर कारखान्यात होत्या. कंपनीच्या बसनं जायचं आणि दुसऱ्यांच्या गाड्यांची रबरं कापायची. दोघांचा जन्म लोकांच्या गाड्यांत गेला, स्वतःची अशी ही पहिलीच. तिच्यावर शोभाताईंचा भारी जीव. रिटायर झाल्यावर पत्रे, सीटा, दारांची रबरं, सगळं त्यांनी मागे लागून करून घेतलं. राहिली होती फक्त पुढची काच. पण मुलाला, अंकितला, गाडी उभी होती त्या जागेवर दुकान टाकायचं होतं. त्यानं सरळ सांगून टाकलं होतं: रविवारी काच बसली तर गाडी ठेवू, नाहीतर सोमवारी विक्की भंगारवाला घेऊन जाईल.

आणि नेमकी शनिवारी, शोभाताई बाजारात गेलेल्या असताना, देवाजींना मदतीची हुक्की आली. रबर कडक वाटलं म्हणून त्यांनी ते गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातलं. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन! रबर पार मऊ पडलं. देवाजींनी ते काचेभोवती मस्त ताणून गुंडाळलं आणि उरलेलं टोक ब्लेडनं कापून टाकलं. सकाळपर्यंत रबर आक्रसून पुन्हा आपल्या मूळ मापाला आलं.

"काहून कापलं जी तुम्ही? मले विचारलं असतं तर तोंड दुखलं असतं काय?"

"अवं, जास्तीचं दिसून राहिलं होतं ते."

"ताणून कधी माप घेत असते काय रबराचं? दाटून बसवा लागते! अन् तो तुकडा कुठी टाकला?"

देवाजींनी हळूच खाली पाहिलं. कूलर खडखडतो म्हणून त्यांनी तो तुकडा त्याच्या पायाखाली सारला होता.

शोभाताईंनी भरला कूलर एका हातानं कलता केला. पाणी घरभर झालं, त्याचं त्यांना काही नव्हतं. तुकडा शाबूत होता! त्यांना अंगणात नाचावंसं वाटलं. त्यांनी तो तुकडा रबराच्या दोन्ही टोकांच्या मधे चिकटवला आणि पाणी साचू नये म्हणून दोन्ही जोड काचेच्या वरच्या अंगाला घेतले.

दुपारी जोड वाळले. रबर काचेभोवती चढवून त्याच्या खाचेत सगळीकडून दोरी बसवली, साबणाचं पाणी चोपडलं, आणि काच बाहेरून गाडीच्या चौकटीला टेकवून दोरीची टोकं आत घेतली. शोभाताई आत, देवाजी बाहेर. अंकित "मी फक्त धरतो" म्हणत आला. आतून दोरी ओढली की रबराची कड टुणकन पत्र्यावर चढायची.

"चढलं! चढलं! दाबा अजून!" शोभाताई ओरडत होत्या. हातांना साबण, कपाळावर घाम, आणि काळीज नुसतं उड्या मारत होतं. खालची बाजू झाली, उजवी झाली. शेवटच्या कोपऱ्यात दोरी अडली आणि काच कटकन वाजली.

तिघांचेही हात थांबले. ही काच फुटली तर दुसरी मिळणार नव्हती.

"आई, थांब वं! फुटते ते!" अंकितचा आवाज चिरकला.

"फुटली तर तुह्यं दुकान होते. मंग काहून भेऊन राहिला?"

 अंकितनं दोन्ही तळवे त्या कोपऱ्यावर टेकवले आणि अंगाचा भार टाकला. "ओढ आता. सावकाश."

शोभाताईंनी श्वास धरून दोरी ओढली. कड चढली. मग अंकित स्वतः आत जाऊन बसला आणि देवाजींनी काचेवर बादलीमागून बादली रिचवली. आत थेंब आला नाही. शोभाताई टाळ्या पिटत होत्या, त्यांना हसू आवरेना आणि रडूही.

अंकितनं आत बसूनच फोन लावला. "विक्कीभाऊ, उद्या येऊ नको. काच बसली." पलीकडून विक्की काहीतरी बोलला, तसा तो उसळला.

"भंगार कोणाले म्हणून राहिला बे? माह्या मायची गाडी आहे ते!"