मितानाचा उजवा डोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. हल्ली बातम्या लागल्या — अमका देश तमक्याच्या पाठीशी ठाम उभा — की मी उठून टीव्हीचा आवाज कमी करतो.

मी इतिहासाचा मास्तर. दरेकशाहून रोज रेल्वेनं गोंदियाला जातो आणि दरवर्षी पहिलं महायुद्ध शिकवतो. मोठं राष्ट्र धाकट्या दोस्ताला म्हणतं, कर तुला काय करायचं ते, आम्ही आहोत. मग धाकट्याला समेट नकोसा होतो. समोरचा घाबरतो, घाबरून तोही आपले दोस्त गोळा करतो. पोरं मुकाट लिहून घेतात. माझ्या हातातला खडू मात्र नेमका याच धड्याला तुटतो.

आमच्या भागात मितान बदतात. देवासमोर नारळ फोडून दोन माणसं जन्माची मित्र होतात. मग त्याचं दुःख ते आपलं, त्याचा वैरी तो आपला वैरी. मितानाचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणून इथंही घेत नाही. एरवीही जीभ धजली नसती म्हणा.

त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. मितान आणि त्याचा चुलतभाऊ चैतराम, दोघांच्या धानाला एकाच बोडीचं पाणी. बोडी ती केवढी — शेताच्या डोक्यावरचं लहानसं तळं. धान पोटरीत आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, पाणी तळाला गेलेलं, आणि रोज धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, शिवीगाळ. एका सकाळी चैतरामनं मला स्टेशनवर गाठलं. "सर, तुमच्या मितानाले सांगा ना, आळीपाळीनं पानी घेऊ. भाऊच आहो आमी. माह्यं तं आयकत नाही, तुमचं आयकते."

सांगतो, म्हणालो. सांगितलं का? त्याच संध्याकाळी मितान माझ्या अंगणात येऊन बसला, तोंड सुकलेलं. "मले भेव लागून राहिला, मितान." एका वाक्याचं काम होतं हो! पण — कसं सांगू — मनात आलं, हे दोघं भाऊ एक झाले तर मला कोण विचारतो? मास्तरचा गावातला सगळा तोरा मितानाच्या भरवशावर. मी म्हणालो, "काऊन भेतं? वळव पानी तू आपल्या शेतात. मी आहो ना."

त्यानं पाणी वळवलं. चैतरामला वाटलं, समेटाला हेच उत्तर मिळालं. त्यानं शेजारच्या गावातल्या आपल्या मितानाला हाक दिली. तिकडून त्यांची माणसं निघाली, इकडून आमची. निम्म्या लोकांना ती बोडी कुठं आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं, पण काठ्या घेऊन आले. आणि मी? गाव तापलंय हे दिसत असूनही मी नेहमीच्या गाडीत बसलो होतो. मी वर्गात उभा होतो तेव्हा कुणाच्या तरी काठीचं टोक मितानाच्या उजव्या डोळ्यात गेलं.

एवढंच असतं तर कदाचित कधीतरी बोललोही असतो. पण पुढे गावाची बैठक बसली. चैतराम सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "मी समेटाचा निरोप धाडला होता. सरले इचारा." सगळे माझ्याकडे वळले. मितानही वळला, डोळ्यावर पट्टी. मी म्हणालो — असा काही निरोप मला मिळालाच नाही.

मास्तरचा शब्द! कोण खोटं म्हणणार? चैतराम खोटारडा ठरला. त्याच्या घरच्या लग्नाला अर्धं गाव गेलं नाही, आणि त्या दोघा भावांत आजही बोलणं नाही.

काल मितान आला होता. दरवर्षीसारखे नव्या धानाचे पोहे घेऊन. टीव्हीवर दोन बड्या देशांचे पुढारी हात मिळवत होते. डाव्या डोळ्यानं नीट दिसावं म्हणून मान तिरपी करून तो बघत राहिला, मग मोठ्यानं हसला.

"आपल्यासारखाच मितान बदला म्हना यायनं! आता यायले कोनाचा भेव?"

मी हो म्हणालो. आणि त्यानं आणलेले पोहे खाल्ले.