ओली फडकी

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट माहीत नाही.

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात आमच्या शेजारी इलोना राहायची. हंगेरीची, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, शिल्पकार. तरुणपणी इथे आली, इथलीच झाली. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ती धाकट्या बहिणीचं डोकं मातीत घडवत होती. बहीण लहानपणीच गेलेली, फोटो एकही नाही. "डोळे विसरले, हातांना आठवतंय," म्हणायची. दोन वर्षं चाललं होतं ते काम.

मग तिच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. "महिनाभर रोज त्या डोक्यावर गुंडाळलेली फडकी ओली करशील? माती वाळली की संपलं." शेडची किल्ली तिने माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, त्यात काय!

आणि केलंही — चार दिवस. पाचव्या दिवशी पाऊस होता. पाऊस? अहो, शेड बारा पावलांवर होती! विसरले, एवढंच. मग कंटाळा. मग — बघायचीच भीती. तीन आठवड्यांनी दार उघडलं तर डोकं मधोमध चिरलेलं, जबडा गळून खाली पडलेला. मी काय केलं? फडकी भिजवली, पुन्हा गुंडाळली, वरून प्लास्टिक घातलं. जणू रोजच येत होते.

इलोना कुबड्या घेऊन आली. स्वतःच प्लास्टिक काढलं. मग फडकी सोडली.

"रोज पाणी दिलंस ना?"

"हो. रोज."

जन्मभर माती हाताळलेली बाई — तिला वाळलेली माती कळली नसेल? पण तिने माझा शब्द खरा मानला. "मग माझंच चुकलं. मळतानाच चुकलं असणार. हात गेले माझे."

तेव्हा बोलता आलं असतं. नंतरही कितीदा तरी. मुलांना सायकलवर शाळेत सोडायला निघाले की ती खिडकीतून हात करायची. मातीला मात्र तिने पुन्हा हात लावला नाही. हत्यारं एका शाळेला देऊन टाकली. मी अधूनमधून खिचडी नेऊन द्यायचे. "तू किती करतेस माझं," ती म्हणायची, आणि मी — ऐकून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात ती वारली. घर रिकामं करायला बुडापेस्टहून तिचा भाचा आला. मला म्हणाला, "आत्याने शेवटी काम का सोडलं?"

"हात चालेनासे झाले होते," मी म्हणाले.

तिचे हात शेवटपर्यंत चांगले होते.