दोन रांगांतल्या चपला

आमच्या कॉलेजात मेजर विषयाचे फॉर्म घ्यायला आज दोन खिडक्या उघडल्या होत्या, एक इतिहासाची, एक मानसशास्त्राची. दोन्ही रांगांत एकेक चप्पल होती, एकाच जोडातली. चपलांची मालकीण मधल्या पायरीवर अनवाणी बसली होती. रांगा सरकल्या की उठायची, एक चप्पल पुढे ढकलायची, मग दुसरी, आणि परत येऊन बसायची.

जेवायला निघालेली मी तिच्यापाशी थांबले. मी इतिहास शिकवते हे तिला ठाऊक असावं.

“मॅडम, तुम्ही इतिहास कसा काय घेतला?”

दरवर्षी पहिल्या तासाला मी सांगते, आजोबांचं बोट धरून पाहिलेले किल्ले, लहानपणापासूनची ओढ. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलंय. आज मात्र तिच्या धुळीनं माखलेल्या पावलांकडे बघताना ते जिभेवर येईना.

“मी इथे शिकायला आले तेव्हा इतिहासाची रांग त्या कडुनिंबाच्या सावलीत होती गं,” मी म्हणाले.

बोलून गेले आणि माझाच गोंधळ उडाला. इतकी वर्षं मन लावून शिकवलं, त्याला आवड म्हणायचं की सवय? दुसऱ्या रांगेत उभी राहिले असते, तर तिथेही असंच मन लागलं असतं? कोण जाणे. निदान तिला तरी सांगायला नको होतं.

ती हसेल असं वाटलं होतं. पण ती उठून उभी राहिली होती आणि सावली आता कुठल्या चपलेवर आहे, ते बघत होती.