वासूचा बोर्ड उतरवताना

मी शिडीवर होतो, हातात पाना. वासू पेंटरचा बोर्ड उतरवायची ऑर्डर मलाच मिळाली होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

वासू आणि मी रत्नागिरीत एकाच काळात बोर्ड रंगवायचो. पुढे मी फ्लेक्सचं मशीन घेतलं. तो शेवटपर्यंत ब्रशच चालवत राहिला आणि तसाच गेला. आज माझ्या हातचा एकही बोर्ड बाजारात शिल्लक नाही. त्याचा मात्र या छत्र्यांच्या दुकानावर अजून झळकत होता, कोपऱ्यात सहीसकट. पर्यटक खाली उभे राहून फोटो काढायचे. मला ते बघवायचं नाही.

दुकानाचे मालक बाबाकाका. त्यांच्या मुंबईतल्या मुलाने फोनवर नवा एसीपी बोर्ड सांगितला होता. एसीपी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, मध्ये प्लॅस्टिक. वर एलईडीची अक्षरं.

जुन्या रंगावर अंगठा घासला आणि पांढरी पावडर आली, की रंग मेला असं आम्ही समजतो. मी घासला. अंगठा स्वच्छ. माझ्या पोटात दुखायला लागलं.

"काका, वासूने रंगात घातलं होतं तरी काय?"

"रंगात काय नाय रे. पावसाच्या आधी आमी तो उतरवतो नि माळ्यावर ठेवतो. दसऱ्याला खोबरेलाने पुसून परत टांगतो. हूक बघ की वर."

खरंच, बोर्ड नुसता हुकांवर होता. पान्याचं कामच नव्हतं. पावसात मान वर करून बघतो कोण? म्हणून मला इतकी वर्षं कळलं नाही. माझा बोर्ड असा कुणीच कधी घरात घेतला नव्हता.

"म्हणजे ऐन छत्र्यांच्या सीझनला दुकान बिनबोर्डाचं?" हाती लागला तो मुद्दा मी पकडला. "माझा बघा, पूर्ण वॉटरप्रूफ. धो धो पाऊस पडू दे, ढिम्म हलणार नाही. वासूचा द्या भंगारात."

काकांनी मुलाला फोन लावला, बराच वेळ बोलले.

"पोरगा हो बोलला. तू तुझा बनव. पावसाळ्यात तुझा लावू, दसऱ्याला वासूचा."

बोर्ड मी बनवला, झकास बनवला. आता जूनमध्ये तो चढतो आणि पाऊस झेलतो. दसऱ्याला उतरतो, आणि वासूचा झेंडूचं तोरण लेवून वर जातो. दोन्ही वेळा शिडी घेऊन काका मलाच बोलावतात.

तेव्हापासून गिऱ्हाइकापुढे मी मालाचे गुण जरा कमीच सांगतो.