दातांच्या डॉक्टरांची कनू

आमच्या दातांच्या डॉक्टरांइतका तयारीचा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही, आणि कुठंही न जाता इतकी तयारी केलेला माणूस तर पृथ्वीच्या पाठीवर झाला नसावा. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं, शाहूपुरीतल्या दुकानांवर नव्या पाट्या चढल्या. आणि या सबंध काळात डॉक्टर एका होडीची तयारी करत होते. होडी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "कनू म्हणा, मास्तर," ते मला दुरुस्त करत. "होडी माणसाला पलीकडं नेते. कनू लांब नेते." आता कोल्हापूरच्या माणसाला पाण्यावर बसायचं एकच वाहन ठाऊक. उसाचा रस आटवायची ती अवाढव्य कढई, काहील. पुराच्या दिवसांत पंचगंगेवर तीच फिरते. त्यामुळं डॉक्टरांनी मंगळवार पेठेतल्या घराच्या परसात कनू बांधायला घेतली, तेव्हा गल्लीनं तिचं बारसं आधीच उरकलं होतं: डॉक्टरांची काहील. डॉक्टर कळवळून सांगत, "अहो, काहील गोल असते. ही निमुळती आहे, निमुळती!" त्यावर समोरचे तालमीतले गृहस्थ शांतपणे म्हणत, "मग काय निमुळती काहील म्हणूया की."

या वेडाचं मूळ लढाईत होतं. डॉक्टर आसामच्या बाजूला लष्करी इस्पितळात होते. तिथं कॅनडाचा एक वैमानिक दाढ काढून घ्यायला आला आणि विमान नादुरुस्त म्हणून बरेच दिवस रेंगाळला. त्यानं डॉक्टरांना आपल्याकडच्या नद्यांची हकीकत सांगितली. दोन माणसं, तिकडं कनू म्हणतात ती एक हलकी नाव, पुरेसा शिधा, आणि दोन्ही काठांना जंगलाशिवाय काही नाही. दाढ डॉक्टरांच्या हाती ठेवून आणि वेड डोक्यात सोडून तो गेला. डॉक्टर परत आले ते ठरवूनच, की आपणही अशी सफर करायची. नदी नक्की झाली आजऱ्याच्या वरच्या अंगाची हिरण्यकेशी. ती रानातनं येते म्हणून. मी त्यांचा शेजारी, हायस्कुलात मराठी शिकवणारा, अंगानं किरकोळ. पुढच्या जागेवर बसायला मीच लायक, असं त्यांनी मला न विचारता ठरवलं. डॉक्टरांच्या शाहूपुरीतल्या दवाखान्याखाली गुळाची अडत होती. तिथल्या काट्यावर मला बसवून दुसऱ्या पारड्यात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ठेवले गेले. त्यानंतर कित्येक वर्षं अडतीतले हमाल मला बघून "मास्तर, रवा कमी झाला का?" असं विचारत.

कनू मात्र सुरेख झाली होती, हे कबूल केलं पाहिजे. बैलगाड्या करणाऱ्या एका सुताराकडून डॉक्टरांनी सागवानी फासळ्या तासून घेतल्या, त्यावर बांबूच्या कांबी बांधल्या आणि लष्करी तंबूचं जाड कापड ताणून बसवलं. वर अळशीच्या तेलाचे हात, मग रंग, पुन्हा तेल. कापडाला कुठं बारीक भोक दिसलं, की दाताच्या पोकळीत भरायचा गटापर्चा स्पिरिटच्या दिव्यावर मऊ करून ते तिथं दाबून बसवत आणि सवयीनं म्हणत, "दोन तास काही खाऊ नका."

पण कनू तयार झाल्यावर खरी तयारी सुरू झाली. गुडघ्यांखाली उशा हव्यात. उशा भिजतात म्हणून त्यांना मेणकापडाच्या खोळी हव्यात. वल्ही दोन, आणि मोडली तर आणखी दोन. पाणी उपसायला डबा. उलटली तर तरंगावी म्हणून दोन्ही टोकांना मोटारीच्या हवा भरलेल्या ट्यूबा. शिधा कोरडा राहावा म्हणून डब्यांची तोंडं दातांचा ठसा घ्यायच्या मेणानं बंद. एकदा त्यांनी आंब्याचं लोणचं असं बंद केलं, की डॉक्टरीणबाईंना तो डबा लोहाराकडं न्यावा लागला. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघराला आतून कडी लावत. दवाखान्यात तर दुसरा विषयच नसे. रोग्याचा जबडा उघडा, गालात कापूस, आणि डॉक्टर विचारताहेत, "तांदळाचा डबा मधे ठेवावा की मागं? तुमचं काय मत?" रोगी डोळे फिरवून "आँ" म्हणे. "बरोबर. मधेच. मलाही तेच वाटतं." असा अख्ख्या शाहूपुरीचा पाठिंबा घेऊन ती कनू लादली जात होती. परसात कोरड्या जमिनीवर आम्ही दोघं तीत बसून वल्ही मारायचा सराव करत असू. वरच्या सज्जातून कुणीतरी हमखास विचारी, "मास्तर, कुठवर आलायसा?" गाठी मारायचा तर मी एक सबंध पावसाळा अभ्यास केला. डॉक्टर घड्याळ घेऊन समोर बसत आणि माझी गाठ सुटली की शाळेतल्या माझ्याच आवाजात म्हणत, "पुन्हा!"

पंचगंगेवर पहिली चाचणी झाली तो दिवस गल्लीच्या स्मरणात राहिला. कनू पालथी डोक्यावर घेऊन आम्ही निघालो. बाहेर फक्त आमचे पाय. एक म्हैस दावं तोडून पळाली आणि एक म्हातारबुवा डोक्यावरचा रुमाल काढून भक्तिभावानं उभे राहिले. घाटावर सामान भरलं, नारळ फोडला, डॉक्टर बसले, मी बसलो, आणि कनूनं काठाजवळच तळावर बसकण मारली. इतकं सामान घेऊन तरंगायचं तिच्या मनात नव्हतं. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "पाणी कमी आहे." सामान कमी करायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण एक गोष्ट तेव्हा मला हसण्यासारखी वाटली नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी सामानातून एक छोटी पेटी बाहेर काढली. डॉक्टरीणबाईंनी ती ठेवली होती. आत दात काढायच्या पकडी, शस्त्रं, औषधं. "हे नको," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "असू द्या की. काय जड आहे?" डॉक्टर खाली बसले. एरवी इतकं बोलणारा माणूस, पण शब्द शोधत होता. "उमेदीची वर्षं लोकांच्या तोंडात बघण्यात गेली माझी. कळ, पू, रक्त. चार दिवस मला दात दिसायला नकोत. नदीला दात नसतात." बाईंनी ती उचलून आत नेली. पेटी घरात राहिली. मग मला उमगलं, की इतकी वर्षं हा माणूस नुसती कनू बांधत नव्हता. तो कुठूनतरी सुटायची वाट करत होता.

दसरा झाल्यावर, पाणी निवळलं होतं पण उतरलं नव्हतं, तेव्हा एका मालवाहू लॉरीनं आम्हांला आजऱ्याच्या बऱ्याच वर नदीकाठी सोडलं. तिथं मात्र कनू तरंगली. जड होती, पण तरंगली. आणि पहिल्या वळणानंतर मी मागं वळून पाहिलं, तर डॉक्टर गप्प होते. दोन्ही काठांची झाडं पाण्यावर वाकलेली, एक खंड्या पुढं पुढं उडत आम्हांला वाट दाखवणारा, वल्ह्यांवरून निथळणाऱ्या पाण्याचा आवाज, एवढंच. त्या दिवसभरात ते एकदाच बोलले. "मास्तर, तो खोटं सांगत नव्हता हो." तो म्हणजे कॅनडाचा वैमानिक.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक लहानशी वाडी लागली. काठावर एक म्हातारी धुण्याचा पिळा टाकून उभी होती. आम्हांला बघून तिनं पदर हलवला. "ओ पावणं! कुठलं म्हणायचं तुमी?"

"कोल्हापूरचे," मी ओरडून सांगितलं. "हे डॉक्टर, मी मास्तर."

'डॉक्टर' या शब्दासरशी ती गुडघाभर पाण्यात आली आणि तिनं कनूचं टोक धरलं. "देवच पावला. माझी सून बघा. दाढंनं बेजार हाय. तोंड उघडंना झालंय."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. मग मुकाट्यानं उतरले.

सून ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. जबडा सुजून हनुवटीखाली गळ्यापर्यंत दगडासारखा कठीण झालेला. तोंडात बोट शिरेना. श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी गळा चाचपला, नाडी पाहिली आणि त्यांचा हात सवयीनं बाजूला गेला, पकडी जिथं असायच्या तिथं. तिथं काही नव्हतं. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

मला बाजूला नेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "सूज गळ्यात उतरतेय. श्वास कोंडला तर संपलं. हिला आजऱ्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला हवं, आत्ता. पेनिसिलीन हवं, चीर द्यायला हवी." म्हातारीला विचारलं, तर मुलगा गडहिंग्लजच्या बाजाराला गेलेला, आणि गाडीवाट अजून चिखलात. "बैल पोटापतूर रुतत्यात. सांज हुईल."

"मग नदीनं नेतो," डॉक्टर म्हणाले.

म्हातारीनं कनूकडं पाहिलं. बोटानं कापड दाबून पाहिलं. ते आत गेलं. "ह्या टोपलीतनं? माझ्या सुनंला?"

"होय."

"बुडली म्हंजे?"

डॉक्टरांनी तिला समजावलं नाही, धीर दिला नाही. "इथं ठेवली तर जाईल, आई. नेली तर बहुतेक वाचेल. तुम्ही सांगा."

म्हातारी सुनेकडं बघत राहिली. सुनेनं होकाराची मान हलवली, एवढीच. तेव्हा म्हातारी म्हणाली, "न्या. पर परत आणून घाला. काय?"

आणि मग मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. डॉक्टरांनी खिशातला चाकू काढला आणि गाठी कापल्या. मला पावसाळाभर छळून शिकवलेल्या त्या गाठी! तांदळाचा डबा काठावर गेला. तंबू, उशा, जादा वल्ही, स्टोव्ह, मेणानं बंद केलेले डबे, दोर, कंदील, सगळं चिखलात. एकाही वस्तूवर त्यांचा हात अडखळला नाही. शेवटी त्यांनी, सवयीनं पुढच्या जागेवर जाऊन बसलेल्या माझ्याकडं पाहिलं, आणि मीही सामानातच मोडतो हे माझ्या ध्यानात आलं. मी उतरलो. माझ्या जागी घोंगडी घालून सुनेला बसवली. रिकामी कनू पाण्यावर अशी उचलून आली, की मला वाटलं ही आजच पहिल्यांदा पाण्यात पडली. डॉक्टरांनी वल्हं मारलं आणि ती बाणासारखी सुटली.

म्हातारी आणि मी काठानं चालत निघालो. ती माझ्यापेक्षा भरभर चालत होती आणि कनू दिसेल तोवर तिला बैलांसारखी हाकत होती. "हळू हाण! धोंडा हाय फुडं! उजवीकडनं रं बाबा!" खडकाळ चिंचोळी जागा आली, तिथं कनू एकदा खडकाला घासली, तिरकी झाली. म्हातारीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की हाड वाजलं. मग कनू सरळ झाली आणि वळणाआड गेली. पुढं बराच वेळ आम्ही नुसते चाललो. एके ठिकाणी ती आपण होऊन म्हणाली, "रोज भांडतो आमी दोघी. उठल्यापास्नं. काल तिला बोलता यीना, तर घर खायाला उठलं बगा मला."

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. डॉक्टर बाहेरच्या पायरीवर बसले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, तळहात सोललेले. "चीर दिली. पू निघाला. श्वास मोकळा आहे," त्यांनी सांगितलं. म्हातारी आत धावली. मी शेजारी बसलो.

"मास्तर, सगळं घेतलं होतं हो," ते म्हणाले.

"होय, डॉक्टर."

"सगळं," ते पुन्हा म्हणाले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. म्हातारी बाहेर आली, त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रडतायसा कशाला? माझी सून जित्ती हाय की आत! मलाच पाणी आण म्हनून खुणावतीया." मग चंची सोडून तिनं त्यांच्या सोललेल्या हातावर पान ठेवलं. डॉक्टरांनी जन्मात पान खाल्लं नव्हतं. दातांसाठी वाईट म्हणून. त्यांनी ते खाल्लं.

पुढच्या साली त्याच दिवसांत आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला सामान थोडं होतं आणि पकडींची पेटी होती. डॉक्टरांनी वाडीतली अर्धी तोंडं तपासली, न कुरकुरता. निघताना ती सून काठावर आली. आता तिचा आवाज सासूला पुरून उरणारा होता, पण त्या क्षणी ती लाजत होती. "डाक्टर, एकडाव बसू का हिच्यात? त्या दिशी मी नदी बघितलीच न्हाय. डोळं मिटूनच हुते." मी पुन्हा उतरलो. डॉक्टर तिला वरच्या वळणापर्यंत घेऊन गेले आणि सावकाश परत आणलं. त्या काठावर तिचं लग्न लागलं होतं, पोरं झाली होती, पण वाडी तिनं पाण्यावरून कधी पाहिली नव्हती. "आत्या, आपलं घर केवढंसं दिसतंय वो हितनं!" ती पाण्यावरून ओरडली. सासू काठावरून ओरडली, "नीट बस! वाकू नगंस!" डॉक्टर वल्हं थांबवून, जे ती बघत होती ते बघत होते.

त्यानंतरच्या वर्षी डॉक्टरांच्या छातीत कळ आली. वल्ह्याला हात लावायचा नाही असं त्यांना बजावण्यात आलं. दवाखाना दुसऱ्यानं घेतला आणि ते मुलाकडं पुण्याला गेले. तिथूनच एक दिवस ते वारल्याचं कळलं. मी परीक्षेच्या कामानं आजऱ्याला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्या वाडीत गेलो. म्हातारी थकली होती, ऊन खात बसली होती. सुनेनं मला ओळखलं. माझ्या मागं कुणी आहे का ते पाहिलं. मी सांगितलं. ती आत जाऊन तांब्याभर ताक घेऊन आली.

"कशानं आलासा?" तिनं विचारलं.

"मोटारीनं. सडक झाली की आता."

"व्हय," ती म्हणाली. "बरं झालं. सगळी सडकंनंच येत्यात आता." मग उंबऱ्यावर बसली आणि नदीकडं बघत हळूच म्हणाली, "पाण्यावरनं कोण येत न्हाय."