बापाची दाढ

टोंगा देशातल्या हापाईच्या बेटांवर सिसिलियानं ज्याच्या तोंडात हात घातला नाही, असा माणूस शोधूनच काढावा लागला असता. तिथल्या दवाखान्यात दातांची डॉक्टर ती एकटीच. मधूनमधून होडीत पेटी टाकून लहान बेटांवर जायची, नारळाखाली खुर्ची मांडून शाळेतल्या पोरांचे दात तपासायची. पाद्री असो की गावचा सरदार, तिच्यापुढे सगळ्यांनी मुकाट आ करायचा. राहिला होता फक्त तिचा बाप.

बापाची, सिओसिफाची, खालची दाढ कधीपासून ठणकत होती. आता सूज जबड्याखाली उतरून गळ्याकडे निघाली होती, थुंकी गिळतानाही त्याचा चेहरा वाकडा व्हायचा. पण बापाच्या डोक्यातोंडाला लेकरानं हात लावायचा नाही, ही टोंगातली रीत. सिसिलिया आजवर बापाच्या गालाला शिवलीसुद्धा नव्हती.

“बोट आली की राजधानीला जाईन,” तो म्हणाला.

“समुद्र खवळलाय, बाबा. बोट कधी येईल याचा पत्ता नाही. सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडेल.”

“कोंडू दे. तू हात लावायचा नाहीस.”

हट्टीपणात या माणसाचा हात कुणी धरू शकत नव्हतं. सिसिलिया मात्र मनातून घाबरली होती. अशीच सूज आलेला एक म्हातारा तिच्या डोळ्यांदेखत गेला होता. शेवटी ती कालोलाइनेआत्याकडे गेली. घरात बापाचा शब्द मोठा, पण त्याच्या बहिणीचा त्याहून मोठा.

आत्यानं निरोप धाडून भावाला दवाखान्यात बोलावलं आणि स्वतःही आली. भावाबहिणीनं एका खोलीत बसायचं नसतं, म्हणून दवाखान्याच्या ओसरीवर चटई टाकून बसली आणि खिडकीतून म्हणाली, “सिओसिफा, खुर्चीत बस. पोरीनं हात लावला तर त्याचं काय ते मी बघीन. तुझ्या मयताच्या जेवणाला डुकरं कापायची मला एवढ्यात हौस नाही.”

तो बसला. पू झालेल्या जागी भूल पुरती चढत नाही. चिमटा दाढेला भिडला तसे त्याचे पाय ताठ झाले. एरवी शिव्या देऊन त्यानं दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण बाहेर बहीण होती, आणि तिच्या कानांवर वावगा शब्द घालण्यापेक्षा तो मेला असता. नुसता नाकातून फुसफुसत राहिला बिचारा. सिसिलियानं डाव्या हातात त्याचा जबडा धरला, दाढ हळूहळू हलवली आणि मुळासकट काढून ताटलीत टाकली. पू वाहू लागला तसा तिचा जीव भांड्यात पडला.

कापसाची घडी ठेवून ती म्हणाली, “दाबून धरा, बाबा.”

आता तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचा तळहात मात्र त्याच्या गालावरच होता. दाढीचे पांढरे खुंट टोचत होते. गाल तापानं गरम लागत होता, आणि तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी मऊ. तिला भरून आलं.

“झालं का गं?” आत्यानं बाहेरून विचारलं.

“थोडं राहिलंय, आत्या.”

ताटलीतली दाढ सिओसिफाला समोर दिसत होती. त्यानं डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला.